काठावरचा खांब

श्री

टेमघर, भिवंडी
ता. ९ फेब्रुवारी १९७६

ती. आक्कास,
गोदूचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळी इकडे बरी आहोत, तू आणि बाबा, दोघं तिकडे कशी आहात ते कळव.

हे वाक्य मी पावणेदोन वर्षं दर महिन्याला पोस्टकार्डावर लिहिते आणि तू कळवत नाहीस. तरी लिहायची सवय जात नाही. या वेळी पाकीट बघून दचकली असशील. कुणाला काही झालेलं नाही. पोस्टकार्ड तुमच्या पोस्टमनपासून शेजारच्या ठमाबाईपर्यंत सगळे वाचतात, म्हणून ह्यांच्याकडून पाकीट मागवलं. "एवढं काय लिहायचंय आक्काला?" म्हणून हे हसले. मी म्हटलं, विणकामाचं विचारायचंय. ते तसं खोटं नाही.

माझी तब्येत बरी आहे. सातवा लागलाय. पाय सुजतात, आंबट खावंसं वाटत नाही, तिखट मात्र चालतं. सासूबाई म्हणतात मुलगी होणार. बाबांनी आणलेल्या वालाच्या शेंगा मिळाल्या. तूच तोडल्या असशील, देठ सगळे एका बाजूला होते. उकडून एकटीने अर्धी टोपली संपवली.

आता विणकामाचं. आक्का, मी पलंगपोस विणते आहे. हसू नकोस. तूच सांगायचीस ना, गोदूच्या हातात क्रोशाची सुई दिली तर ती आधी पाठ खाजवेल. ती मी गेले तीन महिने रोज दुपारी मागच्या पडवीत बसून खांब घालते आहे. फूल नाही, पान नाही, जाळी नाही, नुसते खांब. सुईवर वेढा घ्यायचा, खालच्या ओळीच्या घरात सुई घालायची, दोरा ओढायचा, दोन काढायचे, पुन्हा दोन काढायचे. झाला एक खांब. असे दोनशे चाळीस झाले की पहिली ओळ. वळायचं, तीन साखळ्या घालायच्या आणि परत तेच.

सासूबाईंनी पहिल्या वर्षी रेडिओवर टाकायला रुमाल मागितला होता. मी म्हटलं डोळे दुखतात. मग म्हटलं सुई माहेरी राहिली. त्यांनी बाजारपेठेतून सुई आणली, पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे आणले. मग मी म्हटलं, घरात कामं कमी आहेत का? तर त्यांनी माझी दुपारची भांडी बंद केली. आता काय सांगणार? "रुमाल ऱ्हाऊ दे, पलंगपोस कर. नक्षीचा नको, साधा कर," म्हणाल्या. "नुसतं खांब घाल. पन पुरा पलंगाचा कर."

पडवीच्या मागे पत्र्याची शेड आहे, ती आम्ही भाड्याने दिलीय. तिथे कापडाचे बारा लूम चालतात. दिवसभर खटखट. आधी डोकं उठायचं, आता मी त्याच्या तालावर खांब घालते, चार खटक्यांना एक. शुक्रवारी लूम बंद असले की माझा हातच चालत नाही, ताल चुकतो, बसल्या जागी झोप येते. बाकीच्या दिवशी काय काय करून बघितलं म्हणून सांगू! पाढे म्हटले, एकोणतीसच्या पाढ्याला अजूनही अडते. वज्रेश्वरीच्या एस.टी.ने आपल्या घरापर्यंत मनातल्या मनात गेले, दर वीस खांबांना एक थांबा. शेवटच्या खांबाला मी आपल्या अंगणात पोचते, तू ओट्यावर सूप घेऊन बसलेली असतेस, आणि तेवढ्यात ओळ संपते. मग वळायचं. परत टेमघर.

लूमवरचा अन्सारभाई एकदा पाणी मागायला आला. बघून म्हणाला, "भाभी, ये तो हमसे भी सख्त ड्युटी है. हमारी शिफ्ट तो छूटती है." सासूबाईही हसल्या. मी पण हसले आणि मग आत जाऊन रडले. मला सुटी नाही, आक्का. माझी शिफ्ट सुटत नाही.

आणि एवढं करून ते बिघडलं. तू मला लहानपणी एकच गोष्ट शंभरदा सांगायचीस. ओळ संपताना शेवटचा खांब मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा. तो खांबासारखा दिसत नाही, म्हणून तो सुटतो. "काठावरचा विसरू नको गं." मी विसरले. दर ओळीला एक. पहिल्या महिन्यात कळलंच नाही, मांडीवर गुंडाळून ठेवायची ना. नंतर दिसायला लागलं तर मी ते दोन्ही हातांनी ताणून बघायची, की जरा रुंद होतंय. मागच्या सोमवारी सासूबाईंनी घेतलं आणि खाटेवर पसरलं. उशीकडे रुंद, पायाकडे निमुळतं.

"ह्यो पलंगपोस हाय का नांगराचा फाल?" म्हणाल्या.

मग त्यांनी माझी ट्रंक उघडली आणि माझ्या रुखवतातला पलंगपोस काढला. तू विणलेला. त्यांची नजर आता अधू झालीय, त्या बोटांनी बघतात. एक हात तुझ्या कामावर, एक हात माझ्या. बराच वेळ चाचपत राहिल्या. मी खांबाला धरून उभी होते, म्हणजे घराच्या.

"ह्या दोन बाया हायेत," म्हणाल्या. "मना पयल्याच वरसाला समजला व्हता. तू रेडिओच्या रुमालाला नको म्हनलीस ना, तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून वाट बघितली. खांब घालता घालता तरी बोलशील."

म्हणजे तीन महिने त्या पलंगपोसाची नाही, माझ्या तोंडाची वाट बघत होत्या. मला वाटलं आता घरातून काढतील. तसं काही केलं नाही. फक्त म्हणाल्या, "उसवू नको. असाच पुरा कर. आनि बहिनीला खरा लिही. ती सोता आनायला येईल तवाच मी तुला बालंतपनाला धाडीन."

ते खरं लिहायला मी आज बसले आहे, आणि बघ, वालाच्या शेंगा आणि एकोणतीसचा पाढा लिहून तीन पानं भरली.

आपल्या काकांच्या यमुनाच्या लग्नाचा दिवस आठव. खारबावला, त्यांच्याच अंगणात. तिच्या रुखवतात तू विणलेला मोराचा पलंगपोस मध्ये टांगला होता, आणि पोरं हात लावतील म्हणून मला राखणीला उभं केलं होतं. तू आत पंगतीचं बघत होतीस. तू कुठल्याच लग्नात बाहेर यायची नाहीस. डोळ्यात बुबुळावर पडलेलं पांढरं फूल बघून बायका कुजबुजतात म्हणून. आणि दर लग्नात तुझं काम मात्र मधोमध टांगलेलं असायचं.

एक बाई आल्या. मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवत बघत राहिल्या. इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं. शेजारणीला म्हणाल्या, "रूपाचा काय करायचा? मना असा हात घरात पायजे." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू विनलास काय गो?"

मी हो म्हणाले.

आक्का, का म्हणाले ते मला अजून नीट सांगता येत नाही. लग्नाचं माझ्या मनातही नव्हतं. मला नुसतं वाटलं, कुणीतरी आपल्याकडे असं बघावं. एका शब्दात होऊन गेलं, आणि त्यांनी नाव विचारल्यावर मी नावही सांगितलं, गावही सांगितलं. तू आत भात वाढत होतीस.

आठ दिवसांनी त्या बाई, म्हणजे सासूबाई, माणसं घेऊन मागणी घालायला आपल्या घरी आल्या. तू चुलीपाशी होतीस, तू ऐकलंस ते एवढंच, की पलंगपोस विणणारी गोदू आम्हाला पाहिजे. अंगणात काय झालं ते तू ऐकलं नाहीस. बाबा गोंधळले, म्हणाले, "गोदू?" तर सासूबाई म्हणाल्या, "तिनंच सांगितला ना आमाला." मग बाबा पाणी आणायच्या निमित्ताने आत आले आणि मला गोठ्याच्या बाजूला ओढून विचारलं. मी मान हलवली. ते म्हणाले, "आता गप ऱ्हा. खोटी पोर म्हनून नाव झाला तं तुजा लगीन बी जाईल आनि तिचा बी. एकीचा तरी व्हऊ दे."

रात्री तू त्यांना विचारलंस, "माझं नाव का नाही सांगितलंत?" मी दाराआड होते. मला सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, "गोदूचा नाव माज्या तोंडून गेला."

ते त्यांच्या तोंडून गेलं नव्हतं. माझ्या तोंडून गेलं होतं. बाबांनी कधीच कुणाला तुझं नाव लपवून माझं सांगितलं नाही. तू ज्या माणसाशी जवळजवळ दोन वर्षं बोलली नाहीस, त्याचा यात काही गुन्हा नाही. गुन्हा माझा आहे आणि मी इथे बसून दर महिन्याला "दोघं कशी आहात" म्हणून विचारते आहे.

आणि तू काय केलंस? त्याच रात्रीनंतर दोन महिने बसून माझं रुखवत विणलंस. एक शब्द बोलली नाहीस. मला वाटायचं, एकदा तरी सुई फेकून मारशील. नाही मारलीस. मांडवात बायका म्हणत होत्या, गोदूचा हात काय सुंदर! तू तिथेच माझ्या केसांत वेणी माळत होतीस. तुझा हात थांबला नाही.

हे घर तुझं होतं, आक्का. त्या बाईला रूप नको होतं, तिने आपल्या तोंडाने सांगितलं होतं. तुझ्या डोळ्यातल्या फुलाला जिने नाक मुरडलं नसतं अशी एकच सासू आपल्या मुलखात होती, आणि तिच्या घरात मी बसले आहे. हे चांगले आहेत, असं लिहायला मला लाज वाटते, पण चांगले आहेत. दर खांबाला मला तेच आठवतं. पाढे म्हणून बघितले, एस.टी.ने जाऊन बघितलं, कशानेच ते सुटलं नाही.

गेल्या गुरुवारी बाबा मला न्यायला आले होते. शेंगा तेव्हाच्या. सासूबाईंनी त्यांना जेवू घातलं आणि सांगितलं, मोठी आल्याशिवाय नाही. बाबा हात धुऊन निघाले. फाटकापाशी मी म्हटलं, "मी आक्काला सगळं लिहिणार आहे." तर घाबरले. म्हणाले, "नको लिवू. माज्यावर रागवायची तिला सवय झालीय. तुज्यावर रागवली तं तिला मंग कोन राहील?"

मी विचारलं, "ती तुमच्याशी अजून बोलत नाही?"

हसले. म्हणाले, "बोलते ना. जेवायला हाक मारायची तं लोट्यावर वाटी वाजवते. दोनदा वाजवली का भाकर, तीनदा वाजवली का भात." मग छत्री काखेत मारून एस.टी.कडे गेले. छत्रीची काडी तुटलीय, तू बघितलीस का? पाठीमागून फार म्हातारे दिसले गं.

त्यांचं ऐकायचं ठरवून मी चार दिवस गप्प बसले. पलंगपोसाच्या सहा ओळी झाल्या. काठावरचा खांब आता सुटत नाही, पण जे निमुळतं झालं ते तसंच राहिलं, पुढे नुसतं त्याच रुंदीचं चाललंय. आज सकाळी सुई हातात घेतली आणि ती चालेना. शुक्रवार नव्हता, लूम चालू होते. म्हणून पाकीट मागवलं.

तू आणायला आलीस तर मी येईन. नाही आलीस तर बाळंतपण इथेच होईल. सासूबाई कडक आहेत पण टाकून देणार नाहीत. शिव्या लिहून पाठवल्यास तरी चालेल, पण पोस्टकार्डावर पाठव, सगळ्यांना वाचू दे. माझ्यावर जन्मभर रागव, माझी हरकत नाही. पण राग ज्याचा त्याला दे.

हे पत्र आज सोमवारी टाकते, म्हणजे तुला बुधवारपर्यंत मिळेल. त्या संध्याकाळी एक कर. वाटी वाजवू नकोस. दाराशी जा आणि तोंडाने म्हण, "बाबा, जेवायला या."

त्या दिवशी 'हो' म्हणालेली,
तुझी
गोदू