तीन माउंट कटर आणि जेवणाचं टेबल

५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बातमी अशी की हिच्या अकरा चित्रांचं प्रदर्शन एप्रिलच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये भरणार आहे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिच्याकडे चित्रं मागितली, त्यामुळे बाई सध्या हवेत आहेत. फ्रेमा मी घरीच करणार. कोपऱ्यावरचा फ्रेमवाला माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, नुसत्या अंदाजाने कापतो. खरेदी खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला ते बघवत नाही.

माउंटच्या मधोमध चौकोन कापायचा आणि त्याची कड तिरकी यायला हवी. त्यासाठी खास कटर मिळतो. एक हाताने ओढायचा, दुसरा पट्टीवरून सरकणारा, तिसरा जवळजवळ टेबलाएवढा. नियमाप्रमाणे तिन्हींची तुलना हवी आणि बाहेरच्या एका व्यक्तीचं मतही. ती व्यक्ती म्हणून तुला धरलं आहे. सोबत चित्रांची मापं पाठवतो.

भावोजींना नमस्कार. लोभ चालू आहे, त्यात कपात नसावी.

तुझा
धाकटा

१७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सख्खी बहीण आणि बाहेरची व्यक्ती? शाबास! तुझ्या निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते की आता खातं पोरकं झालं. मला तेव्हाच वाटलं होतं की खातं सुटलं आणि वहिनी अडकली.

तुझी खरेदी मला नवी नाही. लेकीसाठी बाबागाडी निवडायला निघालास, आणि ती घरी आली तेव्हा पोरगी स्वतःच तिला ढकलत होती. माझं लेखी मत असं, की जो कटर हाताला लागेल तो घे.

एक विचारते. अकरा चित्रांची उंची कळवलीस, रुंदी कळवलीस. पण त्या चित्रांत आहे काय, ते कुठे लिहिलंच नाहीस. तुझं आवडतं कोणतं?

हे म्हणतात, धाकट्याला सांग, कात्रीसुद्धा चालते. राग मानू नकोस, मानलास तरी पत्र लिही.

तुझी
ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजींच्या कात्रीची नोंद घेतली नाही.

तिन्ही कटर चाचणीसाठी घरी आणले आहेत. जेवणाचं टेबल त्यांनीच व्यापलं असल्याने आम्ही सध्या ताटं मांडीवर घेऊन जेवतो. हिला त्यात गंमत वाटते, निदान बोलत तरी काही नाही. हाताच्या कटरने कोपऱ्यात काप पुढे जातो. मोठ्याला खोली पुरत नाही. पट्टीवाला बरा वाटतो, पण त्याच्या पात्याबद्दल मी विक्रेत्याकडे खुलासा मागितला आहे.

तू चित्रांबद्दल विचारलंस. सात उभी आहेत, चार आडवी.

घाई करून चालत नाही, हे तुला पटेल. माया असू दे, शेरे कमी असू देत.

तुझा
धाकटा

२० मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मुद्दाम त्रास देते आहे. रविवार तोंडावर आला आणि एकही फ्रेम झालेली नाही. फ्रेमवाल्याचं नाव काढलं की हे तोंड पाडून बसतात. इतकी वर्षं मी कपाटाच्या वर, गादीच्या खाली चित्रं ठेवत आले. आता कुणीतरी ती भिंतीवर लावतो म्हणालं आहे. यावेळी हुकलं तर मी पुन्हा ब्रश धरणार नाही, खरंच सांगते.

माझा कागदही संपला. नवा आणायचा तर त्याचीही तुलना व्हायची आहे! म्हणून ह्यांनी माउंटसाठी आणलेल्या गठ्ठ्यातलाच एक पुठ्ठा उचलला आणि त्यावर बारावं चित्र काढलं. प्रदर्शनाआधी ह्यांना दिसू नये म्हणून गठ्ठ्यातच उलटं घालून ठेवलं आहे. एवढं पोटात ठेवा.

तुमचं ऐकतात, तर दोन शब्द सांगा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
भावजय

२४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, यावेळी एकच.

थट्टा पुरे. पत्र वाचून झालं की उठ आणि कापायला घे. नाहीतर चित्रं फ्रेमवाल्याकडे टाक. बायकोचा पहिला आनंद तुझ्या खुलाशांपायी नासला, तर मला तोंड दाखवू नकोस. तोवर लोभ राखून ठेवला आहे.

ताई

८ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि हे ताडकन उठले. पट्टीवाला कटर घेतला, सरावाला म्हणून गठ्ठ्यातला हाताला लागला तो पुठ्ठा ओढला. माउंट मागच्या बाजूनेच आखून कापतात, त्यामुळे उलटून बघायचं कारणच नव्हतं. चार काप दिले आणि मधला तुकडा अलगद खाली पडला. कोपरे अगदी स्वच्छ आले म्हणून मला हाक मारली. मग तुकडा सुलटा केला.

ते माझं बारावं चित्र होतं. टेबलावर वाकून पट्टी लावणारे हे, आणि कडेला भिंतीशी ताट मांडीवर घेऊन बसलेली मी. ह्यांनी स्वतःला बरोबर मापात कापून घेतलं होतं. मी उरले कडेच्या पुठ्ठ्यात.

मला रडू आलं, ते लपवलंही नाही. ह्यांनी दोन्ही तुकडे पुन्हा जुळवून बघितले. मग विचारलं, मी असा बसतो का. मी म्हटलं, जानेवारीपासून. त्यावर कडेचा पुठ्ठा जवळ धरून म्हणाले, तू इतकी लांब बसतेस हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराही चित्रं स्वतः फ्रेमवाल्याकडे घेऊन गेले. भावसुद्धा विचारला नाही, यावर विश्वास ठेवा. त्याने मधला तुकडा मागून चिकटवून दिला. तरी ह्यांच्याभोवती बारीक फट दिसते ती दिसतेच.

रविवारी हॉल भरला होता. सगळी गर्दी त्याच चित्रापुढे. एका बाईंनी ह्यांनाच विचारलं की चित्रातले हे गृहस्थ कोण. हे म्हणाले, ओळखीचे नाहीत, पण ह्यांच्या बायकोने बरंच सोसलेलं दिसतंय.

भावोजींना नमस्कार. राखून ठेवलेला लोभ आता ह्यांना परत द्यावा, ही विनंती.

तुमची
भावजय