इथे राख

ता. ९, दुपार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. माझं बरं आहे. खोकला येऊन जाऊन असतो, त्याचं मनावर घेऊ नकोस. रंगाच्या वासाने डोकं दुखतं म्हणून खिडक्या उघड्या ठेवतो आणि मग चोराच्या भीतीने तिथेच बसून राहतो.

तू निवडलेला रंग लागला. फिकट हिरवा, त्यात करडा मिसळलेला. रंगारी त्याला 'राख' म्हणतो. "काका, पोरीची निवड झकास. डोळ्यांना थंड." सकाळी हिरवट दिसतो. दिवेलागणीला मात्र खोलीत धूर कोंडल्यासारखा वाटतो. वाईट नाही, आपलं सांगितलं.

एक घोटाळा झाला. खिडकीपाशी, आईच्या खुर्चीमागे, तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे ना, तेवढी जागा सोडायला सांगायची होती. तोंडाने सांगायची लाज वाटली. म्हणून रंगारी यायच्या आधी खडूने भिंतीवर लिहिलं, 'इथे राख'. राहू दे, या अर्थी. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर बरं आहे माझं. त्याने वाचलं आणि नेमका तिथूनच रंग सुरू केला. "तुम्हीच लिहिलंत की, इथे राख." त्याचं काय चुकलं?

तो ब्रश घेऊन पुढे झाला तेव्हा मी सवयीने बोलून गेलो, "अगं, सरक जरा." त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोण असणार?

डाग गेल्याशिवाय घरात पाऊल ठेवणार नाही, असं तू म्हणाली होतीस. म्हणून फोनवर मी 'गेला' म्हटलं. तेव्हा गेलाच होता. काल परत वर आला. तसाच गोल, तेवढाच.

"तेल आहे काका, कितीही हात मारा, येणारच. आधी प्रायमर हवा होता. उद्या मारतो, मग जन्मात दिसणार नाही."

शेवटी शेवटी ती तिथे मान टेकून फाटकाकडे बघत बसायची. तुला यायला उशीर झाला असं मी कधी म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. तीही म्हणाली नाही. फक्त विचारायची, "फाटक वाजलं का?"

कालपासून ते वाजतंय. उठून बघतो तर वारा.

रंगाऱ्याला आज सांगितलं, प्रायमर नको. या खेपेला तोंडाने सांगितलं. तो म्हणाला, "मग पोरीला काय सांगाल?"

तू ये. तू आलीस की मी तिच्या खुर्चीत बसेन, बरोबर डागावर डोकं टेकून. तुला काही दिसणार नाही. उंची जुळते का ते बसून पाहिलं. जुळते.

चोराची भीती आहेच, पण फाटकाला कुलूप लावत नाही. आम्ही वाट पाहतो. 'मी' लिहायचं होतं. राहू दे, खोडत नाही.

तुझे,
बाबा