नाक मोडलं तर

सिस्टर, तुम्ही मराठी शिकलात ती शाळेच्या माळीकाकांकडून, म्हणून मराठीतच लिहिते. वर्गात तुम्ही आमच्याशी कायम इंग्रजीत बोलायचात, पण तुमचं जे वाक्य मला जन्मभर पुरलं ते मराठी होतं आणि साफ चुकलेलं होतं.

मी आता हार्लेमला, डच लोकांच्या देशात राहते. नवऱ्याच्या नोकरीपायी या देशात आले, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. लेक आणि नात मेलबर्नला. साथ आल्यापासून भेट फक्त पडद्यावर. नात तिथला फुटबॉल खेळते. लंबगोल चेंडू पायानं उडवायचा, हातात घेऊन पळायचं, आणि उंच आलेला चेंडू दुसऱ्या मुली अंगावर आदळत असताना हवेतच झेलायचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आपलं नाशिकचं मैदान दिसलं. झगा कमरेच्या पट्ट्यात खोचून तुम्ही असंच काहीतरी शिकवायचात, चेंडू तेवढा गोल. आम्ही आपसांत म्हणायचो, "सिस्टरना फुटबॉल येत नाही गं, हात लावतात!" तो तुमच्या आयर्लंडचा खेळ होता, हे मला इतक्या उशिरा समजलं.

माझे वडील तक्रार घेऊन आले तो दिवस आठवतो. आदल्या दिवशी मी ओठ सुजवून घरी गेले होते. व्हरांड्यात वडील तुम्हाला विचारताहेत, "उद्या हिचं नाक मोडलं तर हिच्याशी लग्न कोण करणार?" तुम्ही छातीवर हात ठेवून ठामपणे सांगता, "नाक मोडलं तर मी लग्न करते." तुम्हाला 'लावून देते' म्हणायचं होतं. वडील असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "खेळू दे," एवढंच म्हणाले नि गेले. त्या एका चुकीमुळे मी पडायला शिकले. हात पुढे करायचे नाहीत, खांद्यावर गोल व्हायचं. चाळिशी उलटल्यावर इथल्या बर्फाळ पुलावर माझी सायकल घसरली, तेव्हा अंग आपोआप गोल झालं. हाडं शाबूत राहिली, पिशवीतले टोमॅटो तेवढे गेले.

यंदा नात राज्याच्या मुलींच्या संघात निवडली गेली. राज्याराज्यांमधली ही स्पर्धा गेल्या वर्षी साथीमुळे झालीच नाही, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नाही. म्हणजे खेळली तर यंदाच. त्यात सरावात तिचं बोट मोडलं. बोट जुळलं, डॉक्टरांनीही हो म्हटलं, तरी लेक अडून बसली. मला फोनवर म्हणाली, "आई, तू सांग तिला. तुझं ऐकते ती." मागून नात ओरडली, "दॅट्स चीटिंग!" मी दोघींना तुमची गोष्ट सांगितली. नातीला मराठी समजतं, पण 'लग्न करते'मधली गंमत तिला आईनं फोड करून सांगावी लागली, आणि सांगता सांगता लेकच हसत सुटली. मग म्हणाली, "तुला समजवायला सांगितलं होतं, फितवायला नाही." आणि नातीकडे वळून म्हणाली, "खेळ बाई."

सामन्याला प्रेक्षकांना बंदी होती, त्यामुळे लेक तिच्या घरी आणि मी माझ्या घरी, दोघी सारख्याच लांब. इथं नुकतं उजाडलंय. ओट्यावर टॅब्लेट टेकवून मी बघतेय, दुसरीकडे लेक फोनवर. पहिला चेंडू नातीच्या हातून सुटतो. ती बोट झटकते आणि पुन्हा पळू लागते. शेवटाकडे एक चेंडू फार उंच येतो, ती धावत सुटते, दोन मुली तिच्यावर चालून येतात. आणि फोनमधून लेकीची किंकाळी, "घेतला! आई, घेतला तिनं!" संघ हरला, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. चिखलानं माखलेल्या तोंडानं नातीनं मैदानातूनच व्हिडिओ कॉल करून मला विचारलं, "आजी, डिड यू सी इट?" "पाहिला तर!" मी म्हणाले.

तुम्ही मायदेशी परत गेलात आणि तिथंच गेलात, हे मला फार उशिरा कळलं. हे पत्र कुठं जायचं नाही. आभार मानायचे राहिले होते, ते मानते, सिस्टर. आणि तुम्हाला सांगायला हरकत नाही: तिनं उडी घेतली तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते.