नियमात पायांचा उल्लेख नाही

६ जानेवारी, सोमवार. नाताळानंतरचा तीन राजांचा सण.
होळी मंडळाची बैठक झाली. मला आत घेतलं नाही. दार उघडं होतं आणि मी जिन्यात उभी होते, याला चोरून ऐकणं म्हणता येणार नाही.
मंडळात बारा घरं, दर घराची एक मशाल. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बारा मशाली वरच्या कुरणावरून बर्फातून घसरत येतात आणि होळी पेटवतात. आमची मशाल बाबा गेल्यापासून खुंटीवर आहे. सलग तीन वर्षं मशाल उतरली नाही तर त्या घराची जागा दुसऱ्याला जाते. हे तिसरं वर्ष. गेबहार्डकाका मंडळाचे अध्यक्ष. बाबांचे सख्खे भाऊ, पण म्हणाले, "नियम तो नियम. त्या घरात आता आहे कोण? ओटिलिया आणि तिची भाची." मी जिन्यातून म्हटलं, "भाची आहे ना." आत बराच वेळ हसत होते.
नियमावली मागून आणली. कलम सात: 'पेटती मशाल हाती धरून, उभ्याने, कोणाच्याही आधाराशिवाय.' बाई चालणार नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. पायात काय असावं, तेही नाही.
निश्चय: स्नोबोर्ड. स्की मला येत नाहीत (हाडं मोडतील म्हणून ओटिलिया आत्याने कधी घालू दिल्या नाहीत), आणि इथे तीन वर्षांच्या पोरालाही येतात. मी कुठे चुकतेय ते सगळ्या गावाला कळेल. बोर्डातलं गावात कोणालाच काही कळत नाही.
नऊ आठवडे आहेत. दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरली. तिथे आत्याने मला नऊ आठवड्यांत लॅटिन शिकवलं होतं.

११ जानेवारी, शनिवार. सकाळ.
जागा निवडणं हे अर्धं काम. निवडली: शाळेमागची पोरांची टेकडी. कारण: उतार सौम्य, कोणाला इजा होणार नाही. इन्स्ट्रक्टर किलियन, शेजारच्या श्राटेनबाख गावचा. आपल्या गावात बातमी फुटायला नको.

तोच दिवस, संध्याकाळ.
सतरा वेळा पडले. मनगट सुजलंय. बसता येत नाही, उभ्याने लिहितेय. अठराव्या वेळी पडले नाही, कारण किलियनवर आदळले. बोर्डाची कड त्याच्या तोंडावर बसली. बर्फ लालभडक. पुढचा अर्धा दात मी शोधून काढला, धुतला, रुमालात बांधून दिला. तो म्हणाला, "राहू दे गं झेन्झी, आठवण म्हणून ठेव." मनाने चांगला आहे.
टेकडी मात्र सदोष. फार सपाट. वेगाशिवाय बोर्ड ऐकत नाही.

१८ जानेवारी, शनिवार.
खिंडीपलीकडच्या मोठ्या उतारांवर गेलो. कारण: रुंदी. जागा असली की माणसं आपोआप बाजूला राहतात.
राहिली नाहीत.
हजार मीटर उंचीच्या वर आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मग तो न्यायाधीश असो की गुराखी. मला ते जमत नाही. अनोळखी माणसाला 'आपण' म्हणायचं, हे आत्याने पट्टीने शिकवलंय. एक जाडजूड गृहस्थ आडवे आले तेव्हा मी ओरडले, "माफ करा, आपण कृपया जरा डावीकडे—" आणि त्यांच्या गुडघ्यांत घुसले. ते उठले आणि त्यांनी स्कीच्या काठीने माझ्या हेल्मेटवर तीन तडाखे दिले. चौथा खांद्यावर. "डोळे घरी ठेवून आलीस का गं भवाने?" माफीचं पत्र पाठवायला मी त्यांचा पत्ता विचारला. त्यांना ती धमकी वाटली. पाचवा तडाखा.
किलियन म्हणाला, "एकच शब्द. 'सरक!' तुझी प्रस्तावना संपेपर्यंत लोक मरतील."
निश्चय: रोज आरशासमोर दहा वेळा 'सरक'.

१९ जानेवारी, रविवार.
सहाव्या 'सरक'ला आत्या मागे उभी होती. दोघींमध्ये दिवसभर अबोला.

२ फेब्रुवारी, रविवार.
आता चूक होणार नाही अशी जागा: जंगलामागची घळ. कारण: तिथे माणूसच नाही.
किलियनला न सांगता गेले. पहिला देवदार चुकवला. दुसरा चुकवला नाही. तिथून पुढे बोर्ड पुढे आणि मी मागे, अशी घळीच्या तोंडाशी असलेल्या कोठाराच्या फळ्या फोडून आत गेले. आत गेबहार्डकाका होते. होळीच्या टोकावर बांधायच्या पेंढ्याच्या चेटकिणीच्या पोटात बंदुकीची दारू भरत होते. त्यांनी गवत ओढायचा लोखंडी काटा उचलला तो थेट माझ्या गळ्याशी. मग ओळखलं.
"श्राटेनबाखचं कोणी असतं तर भोसकलंच असतं," काका म्हणाले. श्राटेनबाखवाले दरवर्षी आमची होळी आधीच पेटवायला बघतात, आम्ही त्यांची. गेल्या वर्षी त्यात दोन नाकं फुटली.
मग बोर्ड दिसला. "या इस्त्रीच्या फळीवर उतरणार तू?" मी कलम सात म्हणून दाखवलं. त्यांनी चेटकिणीच्या पोटात आणखी एक मूठ दारू कोंबली. मग म्हणाले, "उतर. उभी पोचलीस तर तुझ्या बापाची मंडळाची टोपी मी स्वतः तुझ्या डोक्यावर ठेवीन."
कपाळाला चार टाके. वर्षातला सर्वांत चांगला दिवस.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
प्रगती उत्तम. डावीकडे वळता येतं. उजवीकडे अजून नाही, पण वरच्या कुरणाची वाट डावीकडेच वळते. थांबताही येतं: पडून. किलियन म्हणतो, "पडणं हाच तुझा ब्रेक, त्याच्यावर विश्वास ठेव."
बरगडीला तडा गेलाय. डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. सोमवारपर्यंत घेईन.
आतापर्यंतची माफीची पत्रं नऊ. उत्तर एकाचं. ते वकिलामार्फत.

५ मार्च, राखेचा बुधवार.
फादरनी कपाळाला राख लावली ती नेमकी टाक्यांच्या दुखऱ्या व्रणावर. ओरडले. चर्चमध्ये.
कुरणावर सराव करावा का? नको. लोक बघतील. आणि वाट मला पाठ आहे, लहानपणी तिथे गाई चारल्यात.

९ मार्च, रविवार. दुपारी चार.
मशालीची मूठ तेल लावून पुसली. बाबांच्या बोटांच्या जागी लाकूड खोलगट झालंय. माझी बोटं तिथे बसत नाहीत, पण जवळपास बसतात. टोपी ठेवल्यावर बोलायचे चार शब्द लिहून खिशात घातले. मुळीच भीती नाही. दोनदा उलटी झाली, ती दुपारच्या चीजमुळे.
पडायचं नाही. कलम सात.

१० मार्च, सोमवार. रुग्णालय. डाव्या हाताने.
जे झालं ते क्रमाने.
अकरा मशाली नीट उतरल्या. बारावी मी. त्याच सुमारास वाऱ्याने चेटकिणीचं तोंड फिरलं म्हणून काका शिडीवर चढले. "मिनिटभरात येतो खाली," म्हणाले, असं आत्या सांगते.
मी उभी होते. वळणावर डावीकडे वळले. बरोब्बर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग खाली होळी दिसली, तिला टेकवलेली शिडी दिसली. उजवीकडे वळायला हवं होतं, किंवा पडायला. पडले असते तर मशाल गेली, टोपी गेली. पडले नाही.
ओरडले मात्र. रोजचा सराव कामी आला. "सरक रे, गेबहार्ड!" बँड नेमका थांबला होता, सगळ्या गावाने ऐकलं.
शिडी गेली. काका चेटकिणीच्या परकराला लोंबकळले. परकर आत्यानेच शिवलेला, पक्का, टराटरा फाटत त्यांना खालपर्यंत घेऊन आला. मागोमाग चेटकीण माझ्या अंगावर, आणि माझ्या हातात पेटती मशाल. काकांनी धड पायाने तिला लाथ घातली म्हणून ती दोन हात लांब जाऊन फुटली.
काकांचा दुसरा पाय दोन ठिकाणी मोडलाय. माझं गळपट्टीचं हाड. भुवया नाहीत.
चेटकीण होळीच्या टोकावर फुटावी लागते. जमिनीवर फुटली तर गावाची नाचक्की, आणि पुढच्या रविवारी होळीची अंत्ययात्रा.
मला खंत एकाच गोष्टीची वाटते: वडीलधाऱ्या माणसाला अरे म्हटलं. बाकी मी शेवटपर्यंत उभी होते.

१६ मार्च, रविवार.
अंत्ययात्रेला श्राटेनबाखवाले शवपेटी घेऊन आले. वाजतगाजत, काळ्या फिती बांधून. पेटीत माझा अर्धा बोर्ड. किलियन पाद्री झाला होता. अर्ध्या दातातून शिट्टी वाजवत त्याने श्रद्धांजली वाचली: "प्रिय मयत, तुला डावीकडे वळता येत होतं." आपलेही लोक हसले. आमचा बेकरीवाला तर रडेपर्यंत.
मग बैठक. या वेळी मला आत बोलावलं. मी कलम सात वाचलं. पेटती मशाल: होती. उभ्याने: होते. काका चाकाच्या खुर्चीतून म्हणाले, "आणि आधाराशिवाय? माझ्या शिडीचा घेतलास, माझ्या पायाचा घेतलास, आणखी कोणाचा राहिला?"
आमची जागा काढून घ्यायची का, यावर हात वर करून मतं घेतली. काकांनी सगळ्यात शेवटी केला. माझ्याकडे न बघता.

१७ मार्च, सोमवार.
पोस्टमन रुडिगर स्वतः पत्र घेऊन आला, कारण आमची मशाल आता त्याच्याच घरी जायची आहे. मी मूठ पुसून दिली. तो म्हणाला, "सांभाळीन गं." पत्रात मंडळाची एक विनंतीही होती: पुढच्या वर्षीच्या चेटकिणीसाठी माझं लाल जॅकेट मिळेल का?
आत्या म्हणाली, अजिबात देऊ नकोस.
आमच्या घरातलं कोणी होळीच्या इतक्या उंच टोकापर्यंत गेलेलं नाही, बाबाही नाहीत. हे मी तिला समजावून सांगितलं. तिने सुईत दोरा ओवून दिला. बाही उसवली होती. डाव्या हाताने शिवली. मग जॅकेट धुतलं.
द्यायचं तर स्वच्छ द्यावं. वाळायला मशालीच्या खुंटीवर टांगलंय. ती आता मोकळीच आहे.