बर्फावर कुठल्या भाषेत पडावं

११ जाने. १९८७, रवि. टोरांटो
येऊन आठवा दिवस. आज बर्फ दाखवायला नेलं. नगरपालिकेसमोरच्या चौकात पाणी गोठवून ठेवलंय. त्यावर शहाणीसुरती माणसं पात्यांचे बूट घालून गोल गोल फिरतात, सगळी एकाच दिशेने. वर लाउडस्पीकरवर बँड. घाण्याचे बैल निदान तेल तरी काढतात.
शैला म्हणाली, "बाबा, उतरा की!"
म्हटलं, भरल्या सभांतून उभा राहिलेला माणूस इथे लोळायला उतरणार नाही. जावई फिदीफिदी हसला. एवढा इंजिनियर, पण हसणं तसलं.

१३ जाने.
पेडणे तालुक्यातल्या आमच्या धारगळहून गोपाळमास्तरांचं पत्र. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, त्याचं बिल येणार अशी बोलवा आहे. महिनाअखेर गावात मराठीची सभा. "तुम्ही नाही तर तुमचा आवाज तरी पाठवा. कॅसेट लावू." शैलाकडे टेपरेकॉर्डर आहे. टपालावर विश्वास नाही, गोव्याला जाणारं माणूस शोधायला हवं.
भाषणाचं मुख्य वाक्य ट्राममध्ये सुचलं: 'पेडण्याचं पोर पडलं तरी मराठीत रडतं!' इथे टाळी.
ट्राम म्हणजे मुक्यांची मिरवणूक. गुडघ्याला गुडघा लागतो, पण नाव-गाव विचारायचं नाही. आमच्या पेडणे-म्हापसा बसमध्ये एवढ्या वेळात दोन लग्नं जुळली असती.

१५ जाने.
इथला पाव कापसाचा. दाबला तर दबलेलाच राहतो, इथल्या माणसांसारखा. आमच्या पदेराने असला पाव आणला असता तर लोकांनी त्याला पाटीसकट परत पाठवला असता.
शै. कामावर. चौकात एकटाच गेलो, नुसतं बघायला. मग बूट भाड्याने घेतले, नुसतं घालून बघायला. कठडा धरून अर्धी फेरी. शेवटी चार हात अंतर कठडा सोडून. वारा कानात शिरला आणि
असो. हे घरात बोलायचं नाही.

१८ जाने., रवि.
पडलो. चांगला उताणा. तोंडातून निघालं, "आवय गे!" माझा आवाज. माइक न लागणारा. अख्खा चौक थांबला.
एक जाडा गृहस्थ घसरत आला. "पात्रांव, लागलें? कोंकणींत बोबाटलो मरे तूं! खंयचो?"
"पेडण्याचो."
कायतान त्याचं नाव. पूर्वी मुरगाव बंदरावर कामाला होता. दहा मिनिटं बोललो बाकावर बसून. कुठल्या भाषेत, ते नंतर लक्षात आलं. शनिवारी रात्री विमानाने घरी चाललाय. कॅसेट नेशील का, विचारलं.
"कसली?"
"भाषणाची."
"मराठीचें?"
"मराठीचं."
पोट धरून हसला. "दी पात्रांव. धारगळाक पावयतां. वाटेर आयकचों ना. तुजी बोब आयकली, पुरो."

२० जाने.
पाठ ठणकते. पडल्या-ओरडल्याचं घरी सांगावंच लागलं. जावई शेकायची पिशवी देतो आणि विचारतो, "नेमकं काय ओरडलात?" पिशवी घेतली आणि कूस बदलली.
बोंबेवर राजभाषा ठरत नाही. ग्रंथ कुठे आहेत? शाळा कुठे आहेत? आमच्या आईने पोथी वाचली ती मराठीतच. या कोकणीवाल्या विरोधकांना असली एक बोंब सापडली तर तिच्यावर पाच वर्षं काढतील.
पण आईचा हात चुलीवर भाजायचा तेव्हा ती काय

२२ जाने.
कॅसेट भरली. सगळं धडाधड आलं, त्या 'पोर पडलं तरी' वाक्यापाशी अडखळलो. एकवीस वर्षं बोलतोय, कधी अडखळलो नव्हतो.
जावई म्हणतो, "बाबा, ते वाक्य गाळा ना." भाषण म्हणजे काय पुलाचा हिशेब, एक खांब गाळला, दुसरीकडे घातला?
शै. म्हणाली, "मी इथे पहिल्यांदा पडले तेव्हा काय ओरडले, सांगू?"
"काय?"
"सॉरी."
बर्फाची माफी मागितली माझ्या लेकीने! जेवलो नाही.
मग उठून वाक्यासकट पुन्हा भरली. आवाज खणखणीत. ऐकली. खोटी वाटत नाही. वाईट तेच आहे.

२४ जाने., शनि.
एका पडण्यावरून सिद्धांत मांडू नये, हे विरोधकांना मीच सुनावत आलोय. तेव्हा आज पुन्हा पडायचं. मराठी निघाली तर कॅसेट कायतानच्या हाती. कोकणी निघाली तर
शै.ला सांगितलं, जरा फिरून येतो. ती म्हणाली, "बूट एक माप लहान घ्या, बाबा. घोटा धरून राहतो."
चौकातल्या बाकावर लिहितोय. कायतान कॅसेट घ्यायला अर्ध्या तासात येईल. सात फेऱ्या झाल्या, मधोमध, कठडा सोडून. पडत नाही. लक्ष ठेवून पडता येत नाही असं दिसतं. एका म्हातारीने टाळ्या वाजवल्या. इथे कशालाही वाजवतात.
कॅसेट कोटाच्या खिशात. बूट अजून काढलेले नाहीत.