अण्णाच्या आरशांना विभूती

३ एप्रिल १९४३, सकाळ
आजपासून भ्यायचं नाही. लिंगराजअण्णाने अंगणात परातीसारखा मोठा लोखंडी सांगाडा उभारला आहे. आतून सगळे आरसे. त्यांचं ऊन मधल्या तांब्याच्या बंबावर गोळा होतं, पाण्याची वाफ होते, वाफेने इंजिनचं चाक फिरतं. कोळसा नको, तेल नको. अप्पांनी घरी शिकवलेलं असल्याने मला हे शास्त्र पूर्ण समजतं.

दुपार
चाक फिरलं. बंब शिट्टी मारू लागला. मी गोठ्यात गेले. म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं होतं.

४ एप्रिल
कापसाच्या जिनिंगचे मालक दिनकरराव शुक्रवारी इंजिन बघायला येणार. चाललं तर ते त्यांच्या विहिरीवर बसवतील आणि अण्णाला पगारावर ठेवतील. नाही चाललं तर अण्णा फौजेच्या कारखान्यात भरती होणार. लढाई सुरू आहे, कुठे पाठवतील ठाऊक नाही. इंजिन चाललंच पाहिजे. मी पडेल ती मदत करणार.

अव्वा म्हणाली, नव्या यंत्राला विभूती न लावताच चालवायलाय, फुटंल न्हाई तर काय व्हईल. अव्वा म्हणजे आमची आजी, जुन्या वळणाची. मी असलं मानत नाही. तरी बंबावर विभूतीची तीन बोटं ओढली.

५ एप्रिल
बंबावरची विभूती तापून गळून पडली. म्हणून आरशाला लावली. एकाला लावायची आणि शेजारच्याला नाही, हा पंक्तिभेद झाला असता. सगळ्यांना लावली. शिट्टी बारीक झाली. गुण आला.

६ एप्रिल
कालची पुसली नाही. देवाची विभूती पुसू नये. तिच्यावरच आजची, पाण्यात कालवून, म्हणजे वाऱ्याने उडत नाही.
चाक आळसावलं आहे. अण्णा बराच वेळ आरशांकडे बघत बसला. मग म्हणाला, यंदा ऊन लय मरगळलंय. मला पटलं. गोठ्याच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता, पण ते नुसतं वरवरचं ऊन असणार.

८ एप्रिल
शिट्टी बंद. आज मी बंबाच्या अगदी जवळ उभी राहिले. भीती साफ गेली. मनुष्याने निश्चय केला पाहिजे.

९ एप्रिल, शुक्रवार
दिनकरराव छत्री घेऊन आले. चाक हललं नाही. त्यांनी बंबात बोटं बुडवली. म्हणाले, लिंगराज, पाणी बरं हाय रे, अंघोळीपुरतं. चहा न घेता गेले.

संध्याकाळ
अण्णाला सांगून टाकलं, विभूती मीच लावली, पण यंत्राच्या भल्यासाठी. भीतीचा संबंध नाही.
तो रागावला नाही. म्हणाला, चन्ने, मला पहिल्याच दिवशी दिसली होती. पुसायला हात व्हईना. बंबाचा सांधा मीच जोडलाय, कसा जोडलाय ते मला ठाव हाय.

१० एप्रिल
अण्णा भरतीला निघाला. त्याला पोचवायला आम्ही चुडाव्याच्या स्टेशनावर गेलो. बंदुकीबिंदुकीला मी भीत न्हाई, म्हणत होता. मलाही काळजी वाटली नाही.
गाडी आली. इंजिनने वाफ सोडली तशी मी मागे सरले. अण्णा माझ्याही मागे होता.
फौजेच्या कारखान्यात बॉयलर केवढे असतात, ते मी त्याला विचारलं नाही.