भिंतीवरचा अकरावा गडी

बाबा, मैदानात घाम गाळूनही ज्यांचं नाव कुठल्याच वहीत चढलं नाही, त्यांच्या बाजूनं मी पन्नास वर्षं भाषणं ठोकली. आज मनीषनगरच्या घरात उद्याचं भाषण लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला हात थांबला.

कामठीच्या छावणीत तुम्ही पलटणीचे फुटबॉल शिवायचात. तो स्कॉटलंडचा सैनिक तुमच्यापाशी येऊन बसायचा. तिकडे तो मोठ्या संघाचा सेंटर फॉरवर्ड. दोनच हंगाम खेळला आणि महायुद्ध पेटलं. हेडर मारताना चेंडूच्या वादीनं त्याचं कपाळ सोललं जायचं, म्हणून तुम्ही वादीची गाठ आत दाबून वरून मेण चोळायचात. युद्धातले सामने तिकडे नोंदीत धरत नाहीत, असं तो मोडक्या हिंदीत सांगायचा आणि हसायचा. पलटणीशी तुमच्या क्लबची मॅच होती त्या दिवशी काका तापानं फणफणले, दहाच गडी उरले. तेव्हा तो तुमच्यासारखाच अनवाणी, तुमच्या बाजूनं उतरला आणि स्वतःच्याच पलटणीवर डोक्यानं गोल मारला. त्या एका गोलानं तुम्ही जिंकलात. त्याला पंधरा दिवस भांडी घासावी लागली. युद्ध संपून परतला तोवर वय गेलं होतं. अर्धा हंगाम, मग गुडघा, मग गोदीतली नोकरी. त्याच्या एकुलत्या एक पत्रात एवढंच होतं.

माझ्या पहिल्या मोठ्या भाषणात मी गरजलो, ‘आपल्या अकरा अनवाणी पोरांनी गोऱ्यांना लोळवलं!’ टाळ्या थांबेनात. घरी तुम्ही जेवायला बसला होतात, हातातली भाकर तशीच.

“त्याले काहून काढलं गा टीममधून?”

“गोरा आपल्याकडून खेळला, हे लोकांले कसं पटन, बाबा?”

“मंग लोकांले खेळ समजत नाही म्हण. त्याच्या गावात त्याचा गोल मोजला नाही. वाटलं, तू तरी मोजशीन.”

आई चुलीपाशी हसली. “आला तुमचा गोरा जेवाले! वाढू काय त्याचं ताट?”

तुम्हीही हसलात. पण अर्धी भाकर ठेवून उठलात.

पुढे मैदानाच्या पुढच्या फाटकाजवळ क्लबच्या भिंतीवर त्या संघाची नावं रंगवली, तेव्हा अकराव्या ओळीत मी काकांचं नाव घातलं. त्यानंतर तुम्ही मैदानात कायम मागच्या फाटकानं यायचात. मला वाटायचं, ते जवळ पडतं म्हणून.

उद्या ती भिंत पुन्हा रंगवणार आहेत. हे पत्र तुमच्या आरी-मेणाच्या डब्यात, त्याच्या पत्राखाली ठेवतो. टाळ्या पडणार नाहीत याची मला अजूनही भीती वाटते, बाबा. तरी पहिलं वाक्य लिहिलं आहे: ‘गड्यांनो, अकराव्या ओळीवर पांढरा रंग फिरवा आणि मी सांगतो ते नाव लिहा.’